एका वर्षाची मुदत : थायलंडमधील निवृत्ती व्हिसाचा इतिहास

थायलंडचा सध्याचा इमिग्रेशन कायदा १९७९ सालचा, म्हणजे बौद्ध कालगणनेनुसार २५२२ सालचा आहे आणि त्याच्या चौतिसाव्या कलमात तात्पुरत्या वास्तव्यासाठी येणाऱ्या परकीयांचे जे वर्ग दिले आहेत, त्यांत राजनैतिक अधिकारी, पर्यटक, व्यापारी, गुंतवणूकदार, धर्मप्रसारक, पत्रकार असे अनेक जण असले, तरी निवृत्त माणूस कोठेच नाही. त्याची सोय शेवटच्या ‘इतर’ या वर्गात होते, आणि निवृत्तांच्या व्हिसाला ‘ओ’ हे अक्षर मिळाले ते या ‘इतर’ वर्गावरूनच. पस्तिसाव्या कलमानुसार अशा परकीयाला एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष राहण्याची परवानगी देता येते. वर्ष संपताना ती पुन्हा मागावी लागते, आणि द्यायची की नाही हे अधिकाऱ्याने त्या दिवशी लागू असलेल्या आदेशाप्रमाणे ठरवायचे असते. थायलंडमध्ये वीस-पंचवीस वर्षे घर करून राहिलेल्या परदेशी निवृत्तांचे सारे आयुष्य या दोन कलमांच्या आधारावर उभे आहे. ही मंडळी एका प्रकारच्या निवृत्ती व्हिसावरून दुसऱ्या प्रकारावर का गेली, हे समजण्यासाठी या आधाराचा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचा सगळा गुंता त्यातून निर्माण झाला आहे. व्हिसा हा देशात येण्याचा परवाना असून तो परदेशातील थाई वकिलात देते. राहण्याची मुदत ही वेगळी गोष्ट आहे. ती सीमेवर किंवा विमानतळावर पारपत्रावर शिक्का मारून दिली जाते आणि पुढे देशातील इमिग्रेशन कार्यालय ती वाढवते. बोलण्यात दोन्हींना ‘व्हिसा’च म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र बहुतेक निवृत्तांचा मूळ व्हिसा केव्हाच संपलेला असतो आणि ते वर्षानुवर्षे केवळ मुदतवाढीवर राहत असतात. ही मुदतवाढ कोणत्या जातीच्या व्हिसातून निघाली, याची नोंद त्यांच्या कागदपत्रांत कायम राहते, आणि दीर्घकाळ औपचारिक वाटलेली ही नोंद पुढे निर्णायक ठरली.

सयामचा पहिला इमिग्रेशन कायदा १९२७ सालचा. त्याचा रोख मुख्यतः चीनमधून येणाऱ्या कष्टकऱ्यांवर होता आणि नंतरच्या कायद्यांतही स्थायिक होऊ पाहणाऱ्यांची संख्या रोखण्याचेच सूत्र कायम राहिले. १९७९ च्या कायद्याने कायम निवासासाठी दर वर्षी एका देशाच्या जास्तीत जास्त १०० व्यक्तींची मर्यादा घातली. कायम निवासासाठी अर्ज करण्याचे जे वर्ग ठरले, त्यांत गुंतवणूक, नोकरी, थाई कुटुंबाशी नाते, विशेष तज्ज्ञता हे आहेत, निवृत्ती नाही. म्हणजे या देशाने निवृत्तांना येऊ दिले, पैसे खर्च करू दिले, म्हातारे होऊ दिले, पण त्यांना रहिवासी मानण्याचा मार्ग कधी काढला नाही. उडोन थानी, कोरात, उटापाओ येथील अमेरिकी हवाई तळ १९७६ पर्यंत बंद झाल्यावर मागे राहिलेले किंवा पुढे पेन्शन घेऊन परतलेले सैनिक हे अशा दीर्घ वास्तव्याचे एक जुने उदाहरण आहे. त्यांतील अनेकांची लग्ने स्थानिक स्त्रियांशी झाली होती आणि ईशान्य थायलंडच्या गावांत त्यांची घरे होती.

निवृत्तांना बोलावून घेण्याची कल्पना मुळात थायलंडची नव्हे. कोस्टा रिकाने १९७१ मध्ये ‘पेन्शनादो’ कायदा करून ठरावीक पेन्शन असलेल्या परदेशी लोकांना निवासाचा दर्जा दिला, फिलिपीन्सने १९८५ मध्ये निवृत्तांसाठी स्वतंत्र सरकारी प्राधिकरणच स्थापन केले, तर जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने १९८६ मध्ये उलट बाजूने, म्हणजे आपल्याच वृद्धांना परदेशात राहायला पाठवण्याची ‘सिल्व्हर कोलंबिया’ योजना मांडली. वृद्धांची निर्यात चालवली आहे अशी टीका झाल्यावर ती योजना मागे पडली, पण तिच्यामागचा दीर्घ मुक्कामाचा विचार टिकला आणि पुढे चियांग माईमध्ये जपानी निवृत्तांची वस्ती वाढली. मलेशियाने १९९६ मध्ये ‘सिल्व्हर हेअर’ कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये त्याचे रूपांतर ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेत केले. यांपैकी फिलिपीन्स आणि मलेशिया यांनी निवृत्तांसाठी स्वतंत्र योजना, स्वतंत्र ठेव आणि अनेक वर्षांची मुदत अशी रचना केली, तर थायलंडने आपल्या जुन्या ‘इतर’ वर्गाला अटी जोडत नेण्याचा मार्ग धरला.

२ जुलै १९९७ रोजी बाट कोसळला आणि परकीय चलन आणणारा प्रत्येक पाहुणा मोलाचा ठरला. त्यानंतरच्याच काळात निवृत्तांकडून अपेक्षित असलेली रक्कम वाढली. या वाढीच्या वेळी जे घडले त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. जे परकीय २१ ऑक्टोबर १९९८ पूर्वी देशात आले होते आणि ज्यांची निवृत्तीची मुदतवाढ तेव्हापासून अखंड चालू होती, त्यांना जुन्याच अटी लागू राहतील अशी तरतूद करण्यात आली. नोव्हेंबर २००८ मध्ये निघालेल्या ७७७/२५५१ या व्यापक आदेशात ती सविस्तर नोंदलेली आहे. नव्याने येणाऱ्या निवृत्ताचे वय किमान ५० वर्षे आणि थाई बँकेत ८,००,००० बाट किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न, अथवा दोन्ही मिळून वर्षाला ८,००,००० बाट, अशी अट असताना, १९९८ पूर्वीच्या साठीच्या माणसाला बँकेत २,००,००० बाट किंवा महिन्याला २०,००० बाट पुरत होते. ५५ ते ५९ वयाच्या माणसासाठी हे आकडे अनुक्रमे ५,००,००० आणि ५०,००० होते. ज्याने एका हिशेबावर विश्वास ठेवून आयुष्याची मांडणी केली, त्याचा हिशेब सरकारने मध्येच बदलू नये, हे न्यायाचे तत्त्व त्या तरतुदीत होते. थाई प्रशासनाला ते तेव्हा समजत होते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

पुढे निवृत्तांसमोर दोन दरवाजे राहिले. पहिला साध्या ‘ओ’ व्हिसाचा. तो ९० दिवसांचा असे, आणि त्या काळात देशातच बँकेत रक्कम ठेवून एक वर्षाची मुदतवाढ मागायची असे. दुसरा ‘ओ-ए’ या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचा. तो स्वतःच्या देशातील किंवा वास्तव्याच्या देशातील थाई वकिलातीतूनच मिळे. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, व्यसनाधीनता व तिसऱ्या अवस्थेतील उपदंश नसल्याचा वैद्यकीय दाखला लागे. या जादा कागदांच्या बदल्यात मोठे सुख मिळत असे, कारण पैसे मायदेशातील बँकेतच ठेवलेले चालत आणि व्हिसाच्या वर्षभरात प्रत्येक प्रवेशाला नव्याने पूर्ण एक वर्षाची मुदत मिळे. त्यामुळे व्हिसा संपण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा सीमा ओलांडून परत आलेला माणूस एका व्हिसावर जवळजवळ दोन वर्षे राहू शकत असे. नीट कागदपत्रे तयार करून येणारा, शिस्तशीर माणूस बहुधा ‘ओ-ए’च निवडी. दोन वर्षांनंतर तोही देशातच मुदतवाढ घेऊ लागे आणि तेथून पुढे दोन्ही वाटांनी आलेले लोक एकाच खिडकीसमोर, एकाच अर्जासह उभे राहत.

त्या खिडकीवरचा विधी सर्वांना सारखाच असे. अर्जदार मुदत संपण्याआधीच्या ३० दिवसांत ‘टीएम ७’ हा अर्ज भरी, १,९०० बाट शुल्क देई, पारपत्राच्या आणि पासबुकाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत काढून प्रत्येक प्रतीवर सही करी, बँकेचे पत्र आणि घराचा हाताने काढलेला नकाशा जोडी. पासबुकात त्याच दिवसाची नोंद असावी म्हणून पुष्कळ जण सकाळी बँकेत जाऊन शे-दोनशे बाट भरत किंवा काढत, पासबुक छापून घेत आणि मग थेट इमिग्रेशन कार्यालय गाठत. याशिवाय दर ९० दिवसांनी पत्त्याची खबर देणे, घरमालकाने २४ तासांत परकीयाच्या वास्तव्याची नोंद करणे ही बंधने वर्षभर असत. या सर्वांत धोक्याचा कागद म्हणजे पुनर्प्रवेश परवाना. देशाबाहेर जाण्यापूर्वी १,००० बाट भरून एका प्रवासाचा किंवा ३,८०० बाट भरून अनेक प्रवासांचा हा परवाना घेतला नाही, तर सीमा ओलांडताच उरलेली सारी मुदत रद्द होते. आईच्या अंत्यसंस्काराला घाईत निघालेल्या माणसालाही हा नियम माफ नसतो. पुढील काळात निवृत्तांनी व्हिसाची जात बदलण्यासाठी याच नियमाचा हेतुपूर्वक उपयोग केला.

२००३ मध्ये ‘थायलंड एलिट’ हे सशुल्क सदस्यत्व सुरू झाले. त्याची सुरुवातीची किंमत १० लाख बाट होती. वय, पेन्शन, बँकेतील शिल्लक यांपैकी काहीच न विचारता ते दीर्घ मुक्काम देत असे. २०१४ च्या लष्करी उठावानंतर सीमेवर जाऊन लगेच परतणाऱ्यांवर करडी नजर आली आणि २०१६ च्या अखेरीस व्हिसामुक्त जमिनीमार्गे प्रवेश वर्षाला दोनवर आणण्यात आला. त्याच सुमारास पाच अधिक पाच वर्षांच्या ‘ओ-एक्स’ व्हिसाला मंजुरी मिळाली. त्यासाठी ३० लाख बाटची ठेव हवी होती आणि तो फक्त १४ देशांच्या नागरिकांना खुला होता. त्या १४ मध्ये जपान, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील दहा देश होते, भारत नव्हता.

खरा हादरा २०१९ साली बसला आणि तो दोन टप्प्यांत बसला. अनेक वर्षे वकिलातीसमोर शपथेवर उत्पन्न सांगितले की वकिलात पत्र देई आणि इमिग्रेशन कार्यालय ते मान्य करी. थाई अधिकाऱ्यांनी वकिलातींनी उत्पन्नाची स्वतः खातरजमा करावी असा आग्रह धरला. ते आपल्याला शक्य नाही असे सांगून ब्रिटन आणि अमेरिका यांच्या वकिलातींनी १ जानेवारी २०१९ पासून अशी पत्रे बंद केली. आता एक तर दरमहा परदेशातून ६५,००० बाट थाई खात्यात येत असल्याचे वर्षभराचे पुरावे हवेत, नाही तर ८ लाख बाट शिल्लक हवी. शिवाय ही रक्कम अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने तशीच राहिली पाहिजे व उरलेल्या काळात ४ लाखांखाली जाता कामा नये, असा नवा नियम आला. ब्रिटिश निवृत्तांना याचा चटका विशेष बसला, कारण थायलंडमध्ये राहणाऱ्यांची ब्रिटिश सरकारी पेन्शन गोठवलेली असते, तिच्यात दरवर्षीची वाढ मिळत नाही, आणि २००७ च्या सुमारास ६० बाटहून अधिक देणारा पौंड २०१९ मध्ये ४० बाटच्या आसपास आला होता.

दुसरा टप्पा ३१ ऑक्टोबर २०१९ चा. त्या दिवसापासून ‘ओ-ए’ व्हिसासाठी आरोग्य विमा सक्तीचा झाला : बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४०,००० बाट आणि रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी ४,००,००० बाट. सरकारी रुग्णालयांत परकीयांची बिले थकतात ही त्यामागची तक्रार खोटी नव्हती. मात्र विम्याची अट केवळ नव्या व्हिसापुरती राहिली नाही. ‘ओ-ए’मधून निघालेल्या देशांतर्गत मुदतवाढीलाही ती लागू करण्यात आली. आदेशाने जुन्या लोकांना दिलेले संरक्षण एवढेच होते की आधी मंजूर झालेली मुदत संपेपर्यंत त्यांना राहता येईल. अंमलबजावणीत कार्यालयागणिक फरक पडल्याने गोंधळ वाढला तो वेगळाच. साध्या ‘ओ’ व्हिसातून निघालेल्या मुदतवाढीला मात्र विम्याची अट नव्हती. एकाच वयाचे, एकाच गल्लीत राहणारे, एकाच बँकेत तेवढीच रक्कम ठेवलेले दोन शेजारी. पण पंधरा वर्षांपूर्वी एक जण ‘ओ-ए’वर आला म्हणून त्याला विमा लागला आणि दुसरा ‘ओ’वर आला म्हणून सुटला. रुग्णालयाच्या थकबाकीच्या दृष्टीने या भेदाला काहीही अर्थ नव्हता.

विमा घ्यायला काय हरकत, असे वरवर वाटेल. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना अनेक कंपन्या नव्याने घेत नव्हत्या, घेतले तर मधुमेह, हृदयविकार यांसारखे आधीचे आजार वगळत आणि हप्ता वयाबरोबर चढत जाई. अमेरिकी निवृत्तांना मायदेशातील मेडिकेअरचा परदेशात उपयोग नाही. ज्यांच्याकडे परदेशी कंपनीचा उत्तम विमा होता, त्यांनाही सुरुवातीला थाई कंपनीची पॉलिसी घ्यावी लागली. नव्या आदेशानंतर ‘ओ-ए’कडून ‘ओ’कडे जो ओघ सुरू झाला, तो कायदा चुकवण्यासाठी सुरू झालेला नव्हता, तो याच परिस्थितीतून आला.

‘ओ-ए’चे ‘ओ’ करण्यासाठी देशात अर्ज नव्हता. त्यासाठी आधीची मुदत मोडावी लागे. माणूस पुनर्प्रवेश परवाना न घेता देशाबाहेर पडे, त्याबरोबर त्याची ‘ओ-ए’ची साखळी तुटे आणि परत येताना तो व्हिसामुक्त किंवा पर्यटक म्हणून प्रवेश घेई. मग किमान १५ दिवसांची मुदत शिल्लक असताना २,००० बाट भरून वर्ग बदलण्याचा अर्ज करायचा, त्यात बँकेतील ८ लाख बाट दाखवायचे, ९० दिवसांचा ‘ओ’ दर्जा मिळवायचा आणि त्याच्या अखेरच्या महिन्यात एक वर्षाची मुदतवाढ मागायची. पहिल्यांदा येणाऱ्या पर्यटकाला थाई बँकेत खाते उघडणे जड जाते, पण या जुन्या मंडळींची खाती आणि शिल्लक तयार होती, म्हणून त्यांना ही वाट जमली. तरीही एवढी वर्षे सरळ राहिलेल्या वृद्धाने स्वतःची परवानगी हेतुपुरस्सर रद्द करून काही आठवडे पर्यटक व्हायचे, यात धाकधूक होतीच. अर्ज फेटाळला गेला तर घर, सामान, कधी पत्नीही थायलंडमध्ये आणि आपण बाहेर, अशी वेळ येण्याची शक्यता होती. ज्यांचा जोडीदार थाई होता त्यांना ४ लाख बाट शिल्लक किंवा महिन्याला ४०,००० बाट उत्पन्न दाखवून विवाहाच्या आधारे मुदतवाढ घेण्याची आणखी एक वाट होती.

भारतीय पारपत्रधारकांसाठी हीच वाट फार अरुंद होती. महाराष्ट्रातून जाणाऱ्या निवृत्ताला मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासातून ‘ओ-ए’ घेता येत होता, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी भारतीयांना वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिल्यापासून व ती मर्यादा पुढे वाढत २,५०,००० डॉलरवर गेल्यापासून ठेवीचा प्रश्नही सुटण्यासारखा होता. अडचण होती ती वर्ग बदलताना. ब्रिटिश किंवा जर्मन माणूस विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश घेऊन दोन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करू शके. भारतीयाला आगमनावर मिळणारा व्हिसा १५ दिवसांचा आणि अर्जासाठी लागणारी शिल्लक मुदतही १५ दिवसांची, त्यामुळे ही वाट व्यवहारात बंद होती. त्याला आधी परदेशातील वकिलातीतून ६० दिवसांचा पर्यटक व्हिसा काढूनच परतावे लागे. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवसांचा आणि जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळाला, तेव्हा हा भेद मिटला; तोवर विम्याच्या आदेशाला चार वर्षे होऊन गेली होती.

मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि बाहेर जाऊन परतण्याची वाटच बंद झाली. सरकारने अडकलेल्या परकीयांची मुदत आपोआप वाढवली आणि ही सवलत टप्प्याटप्प्याने २६ सप्टेंबर २०२० पर्यंत चालली. २०२१ च्या शरदात ‘ओ-ए’च्या विम्याची रक्कम ३० लाख बाटवर, म्हणजे सुमारे १ लाख डॉलरवर नेण्यात आली. परदेशी विमा आता मान्य झाला, परंतु रकमेची झेप इतकी मोठी होती की ‘ओ-ए’ सोडू न शकलेल्यांनाही तो सोडण्याचा विचार करणे भाग पडले.

१ सप्टेंबर २०२२ पासून गुंतवणूक मंडळाच्या अखत्यारीत दहा वर्षांचा दीर्घ निवास व्हिसा सुरू झाला. त्यातील श्रीमंत पेन्शनरांच्या वर्गासाठी वर्षाला ८०,००० डॉलर बसल्या जागी येणारे उत्पन्न, किंवा किमान ४०,००० डॉलर उत्पन्न आणि थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक ठरवण्यात आली. या व्हिसात ९० दिवसांऐवजी वर्षातून एकदा पत्ता कळवावा लागतो आणि परदेशातून आणलेल्या उत्पन्नावर करसवलत मिळते. १ जानेवारी २०२४ पासून वर्षात १८० दिवस राहणाऱ्यांनी देशात आणलेल्या परदेशी उत्पन्नावरील कराचा नियम कडक झाल्यावर ही सवलत व्हिसा बदलण्याचे नवे कारण बनली. आधीची बदली विम्यासाठी होती आणि गरजेची होती. ही बदली करासाठी आहे आणि परवडणाऱ्यांची आहे. महिना ६५,००० बाटवर जगणाऱ्या पेन्शनरला तिचा उपयोग नाही.

जुन्या रहिवाशांना नव्या नियमाने अचानक गाठणे हा केवळ थायलंडचा दोष नाही. मलेशियाने २०२१ मध्ये महिन्याच्या उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून ४०,००० वर नेली. भारतात तर निवृत्ती व्हिसा असा वर्गच नाही. गोव्यात हिवाळाभर राहणारे युरोपीय पेन्शनर पर्यटक व्हिसावर येत-जात असत, आणि डिसेंबर २००९ मध्ये दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर ठेवण्याचा नियम आला, तेव्हा काणकोण-पेडण्याच्या किनाऱ्यांवर भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांची घडी एका आदेशाने विस्कटली. बहुतेक देशांसाठी तो नियम २०१२ मध्ये मागे घेण्यात आला.

थायलंडचा दोष अधिक गंभीर ठरतो, कारण त्या देशाला योग्य पद्धत ठाऊक होती. १९९८ ची तरतूद त्याच्या आदेशांत तेव्हाही छापलेली होती आणि २०१९ चा आदेश लिहिणाऱ्यांसमोर ती होती. ‘३१ ऑक्टोबर २०१९ पूर्वी आलेल्या आणि अखंड मुदत असलेल्या परकीयांना ही अट लागू नाही’ एवढे एक वाक्य त्यांनी घातले असते, तर नव्या येणाऱ्यांकडून विमा घेण्याचा सरकारचा हेतू तसाच साधला असता आणि जुन्या वृद्धांना स्वतःची परवानगी मोडून पर्यटकाच्या रांगेत उभे राहावे लागले नसते. ते वाक्य न घालणे हा अन्याय होता.